बेटावरचा मंगळवार

म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममधल्या कुणा मराठी कुटुंबाला रविवारी डोंगरात जायचं असलं, की ते आधी हवामान बघत नाहीत, गुरुदत्त गायधनीला फोन करतात. कुठली वाट बर्फ वितळल्यावर निसरडी होते, कुठल्या उतारावर गायी आडव्या येतात, वरच्या कुठल्या झोपडीवजा खानावळीत शाकाहारी माणसाला चीज-पावाशिवाय काही मिळतं, हे सगळं त्याला तोंडपाठ. सहलीच्या आदल्या दिवशी तो घरातल्या तिघांच्या सॅक स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो. बायको नंदिनी त्याला 'आमचे हवालदार' म्हणते, आणि अकरा वर्षांची तनया जर्मनमध्ये याहून थोडं वाईट काहीतरी म्हणते.

नोकरीही स्वभावाला साजेशी. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायचं, चूक सापडली की त्याच दिवशी लेखी कळवायची. उद्यावर ढकलायचं नाही. हा नियम त्यांच्या खात्यात गुरुदत्तनेच लिहून काढला होता आणि नवीन आलेल्या पोरापोरींना तो मोठ्या अभिमानाने समजावून सांगायचा. पुढची हकीकत ऐकताना एवढं ध्यानात ठेवा.

त्याला डोंगराचं वेड जर्मनीने लावलं असा म्युनिककडच्या मंडळींचा समज आहे. साफ खोटं. ते लावलं प्रभाकाकूने. गुरुदत्तचे वडील बँकेत, दर तीन वर्षांनी बदली. आठवीत असताना मुलाची शाळा मोडायला नको म्हणून त्याला नाशिकला काकांकडे ठेवलं, तो बारावीपर्यंत तिथेच राहिला. काकू नाशिकरोडच्या पोस्टात काउंटरवर होती. सहा दिवस शिक्के मारायची आणि सातव्या दिवशी साडीवर कॅनव्हासचे बूट चढवून स्वतःच्या कपिलला आणि या दत्ताला घेऊन बाहेर पडायची. कधी पांडवलेणी, कधी रामशेज, पावसाळा संपला की अंजनेरी. शेजारच्या बायका हसायच्या. काकू त्यांनाही या म्हणायची. वर पोचल्यावर सगळे आल्याशिवाय डबा उघडायचा नाही, एवढा एकच तिचा नियम. मागे राहिलेला कितीही मागे असो, पोटात कावळे ओरडोत, डबा बंद.

तनया झाली तेव्हा नंदिनीची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाळंतपणाला कोण येणार, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारायच्या आत काकू डिंकाचे लाडू आणि अळीव घेऊन म्युनिकच्या विमानतळावर उतरली. चार महिने राहिली. ऐन जानेवारीत नंदिनीचे बर्फातले बूट घालून बाबागाडी ढकलत गावातल्या तळ्याला रोज फेरी मारायची आणि कुत्री फिरवायला निघालेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला 'ग्रुस गॉट', म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हणायची. तिकडचे लोक अजून तिची चौकशी करतात. नंदिनी त्या चार महिन्यांत जे बोलली नाही ते काकूला कळायचं, आणि जाताना विमानतळावर दोघी इतक्या रडल्या की गुरुदत्तला उगाच आपण परके असल्यासारखं वाटलं. तेव्हापासून तिघांची कुठलीही सहल असो, नाशिकला एक पोस्टकार्ड जायचंच. टेबलावरच्या काचेखाली काकूने ती ओळीने लावली होती. शिक्का नीट उमटला नसला की फोनवर तक्रार करायची.

मार्चमध्ये कपिलचा फोन आला. "दादा, आईचं आता काही खरं नाही. जमलं तर मेअखेरीस येऊन जा."

मेअखेरीस म्हणजे फिंग्स्टफेरियन, त्यांच्या बायर्न राज्यातल्या शाळांची दोन आठवड्यांची सुट्टी. आणि त्या सुट्टीत गायधनी कुटुंब रियुनियनला निघालं होतं. हिंदी महासागरातलं, मॉरिशसशेजारचं, फ्रान्सचं बेट. तीन हजार मीटरचा डोंगर, जागता ज्वालामुखी, धबधबे, आणि पायवाटांचं असं जाळं की गुरुदत्तने दोन वर्षं नकाशे चाळले होते.

"रद्द करू," नंदिनी म्हणाली. "नाशिकला जाऊ."

"ऑगस्टमध्ये जाऊ ना. मोठी सुट्टी असते. काकू काय, टणक आहे ती."

"मला नाही बरं वाटत, गुरू."

त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि काकूलाच विचारलं. हे विचारणंही तसं लबाडीचंच. काकू काय म्हणणार हे त्याला ठाऊक होतं. ती उशीला टेकून बसली होती, गळ्याची हाडं दिसत होती. म्हणाली, "जा रे. पोरीला डोंगर दाखव. पत्र टाका मात्र." झालं. त्याने फोन ठेवला आणि नंदिनीकडे 'बघ' अशा नजरेने पाहिलं. नंदिनी उठली. सामान भरायला लागली.

आता त्या घराची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण सगळी गोची तिच्यात आहे. सहलीत फोन एकच. गुरुदत्तचा. नंदिनीचा आणि तनयाचा बंद करून सुटकेसच्या तळाशी. डोंगरात आलोय तर डोंगर बघा, असं त्याचं म्हणणं. नंदिनीला ते पटायचंही. यावेळी तिने फक्त एक अट घातली, की कपिलचा काही निरोप आला तर लगेच सांगायचं. आणि ती रोज संध्याकाळी विचारायची, "कपिलचा काही मेसेज?" तो म्हणायचा, "आहे तसंच आहे." पहिले नऊ दिवस ते खरं होतं.

दहाव्या दिवशी मंगळवार होता. त्या दिवशी माफातला उतरायचं होतं. माफात म्हणजे चहूबाजूंनी कातळाच्या भिंती असलेलं एक खोरं. तिथे रस्ता जात नाही, गाडी जात नाही. वस्त्या आहेत, माणसं राहतात, शाळा आहे, पण जायचं ते पायी, आणि धान्य, गॅसच्या टाक्या वगैरे हेलिकॉप्टरने येतं. गुरुदत्तच्या दोन वर्षांच्या नकाशांमधलं हे मुख्य ठिकाण. सकाळी आठला त्यांनी खिंडीजवळ गाडी लावली. खाली ढग होता आणि ढगातून कोंबडा आरवत होता. तनया कठड्याला धरून उभी होती. तिला ते इतकं आवडलं की ती चक्क काही बोलली नाही.

गुरुदत्तच्या खिशात फोन थरथरला. 'दादा, आई गेली. पहाटे पाचला. जमेल तेव्हा फोन कर.'

तो गाडीमागे गेला आणि फोन लावला. दीडेक मिनिट बोलणं झालं. कपिल रडत नव्हता. दुपारी नेऊ म्हणाला, तू लांब आहेस, घाई करू नकोस, वहिनींना सांभाळून सांग. गुरुदत्त म्हणाला, सांगतो.

तो गाडीपुढे आला. नंदिनी बुटाच्या नाड्या बांधत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कोण रे?"

"ऑफिस," तो म्हणाला.

हा शब्द तोंडून कसा गेला हे त्याला आजही सांगता येत नाही. पुढे उतरताना त्याने स्वतःशी पुष्कळ कारणं जुळवली. आत्ता सांगून उपयोग काय, बेटावरून निघालो तरी दुपारच्या आत नाशिकला कोण पोचतंय. तनयाचा दिवस नासेल. काकूनेच म्हटलं होतं, डोंगर दाखव. उद्या वर आल्यावर सांगू. कारणं सगळी चांगली होती आणि एकही खरं नव्हतं. खरं हे, की नंदिनी मार्चमध्ये जे म्हणाली होती ते बरोबर ठरलं होतं. ती 'मी सांगत होते' असं म्हणाली असती तर तो भांडला तरी असता. पण ती तसं म्हणालीच नसती. ती नुसती खाली बसली असती, त्या खिंडीत, नाड्या अर्धवट बांधलेल्या. ते बघायची त्याची तयारी नव्हती.

वाट मोठी सुरेख होती. लाकडाच्या ओंडक्यांच्या पायऱ्या, माणसाहून उंच नेचे, पुढे वाकड्यातिकड्या जुन्या झाडांचं रान, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं शेवाळ आणि झाडांखाली चरणाऱ्या गायी. नेहमी पुढे चालणारा गुरुदत्त त्या दिवशी मागे रेंगाळत होता. एका ठिकाणी झऱ्याचं पाणी नळीने बाहेर काढलं होतं. त्याने सॅक ठेवली आणि डोकं त्या पाण्याखाली धरलं, मान, खांदे, शर्ट भिजेपर्यंत. मृत्यूची बातमी कळली की अंघोळ करतात. देवाधर्माचं फार न करणाऱ्या या माणसाला तेवढं आठवलं, आणि तेवढ्यावर भागलं असं क्षणभर वाटलंही. तनयाला मजा वाटली, तिनेही डोकं खाली घातलं. नंदिनी हसत सुटली. सॅकवर ठेवलेला त्याचा फोन घेऊन तिने बापलेकीचा फोटो काढला. त्या फोटोत गुरुदत्त हसतोय. दात दिसताहेत.

तो वस्तीवर पोचला तेव्हा दोघी एका झाडाखाली बसल्या होत्या. मध्ये दशम्यांचा डबा, बंद. तनयाने तो हाताने दाबून धरला होता. "नाशिकआजीचा नियम," ती म्हणाली. गुरुदत्तने एक दशमी घेतली, तुकडा मोडला, आणि पोट ठीक नाही म्हणून उरलेली कोंबड्यांना घातली.

मुक्कामाच्या घरी संध्याकाळी भात आणि मसुराची आमटी होती. तिकडे लोक रोज तेच खातात. 'वरण-भात' म्हणून तनया हरखली. जेवण झाल्यावर तिने दुकानातून घेतलेलं पोस्टकार्ड पुढे ओढलं. दरवेळी ती त्यावर नुसती सही करायची, मजकूर नंदिनी लिहायची. या वेळी म्हणाली, मी लिहिणार, मराठीत. शनिवारच्या मराठी वर्गात नुकतीच जोडाक्षरं झाली होती. जीभ बाहेर काढून ती पाऊण तास लिहीत होती. नंदिनी अंघोळीला गेली होती. मधेच तनयाने मान वर केली आणि जर्मनमध्ये विचारलं, की आजारी माणसाला मराठीत शेवटी काय लिहितात?

गुरुदत्त समोर बसला होता. हीच ती वेळ होती. तोंड उघडायचं, एवढंच करायचं होतं.

"लवकर बरी हो," तो म्हणाला.

तिने ते लिहिलं, मग वाचून दाखवलं. त्याने मान डोलावली. कार्ड त्याच्याकडे दिलं, सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेव आणि उद्या गाडीशी गेलो की टाक म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं तेव्हा तो 'टाकलं' म्हणाला. ते कप्प्यातच होतं. गेलेल्या माणसाच्या नावाने कार्ड टाकायला हात धजला नाही, आणि टाकलं नाही हे सांगायलाही जीभ धजली नाही.

बुधवार गेला. गुरुवारी धबधबा पाहिला. "कपिलचा काही मेसेज?" "आहे तसंच आहे."

शुक्रवारी संध्याकाळचं विमान होतं. विमानतळाच्या वाटेवर पूर्व किनाऱ्याला तमिळ लोकांचं मोठं देऊळ आहे. ऊसतोडीला आणलेल्या मजुरांच्या पणतवंडांनी राखलेलं, माणसं बोलतात फ्रेंच, पण गाभाऱ्यात कापराचा वास तोच. नंदिनी म्हणाली, "काकूंच्या नावाने अर्चना करू. पाचच मिनिटं."

"तुम्ही जा. मी सामानापाशी थांबतो," गुरुदत्त म्हणाला.

याला काय म्हणावं? सुतकात देवळात जाऊ नये हे त्याला माहीत होतं, म्हणून स्वतः तो फाटकाबाहेर उभा राहिला. आणि ज्यांना माहीत नव्हतं त्या बायकोला आणि मुलीला त्याने आत जाऊ दिलं. कडेकोट बंदोबस्त केला तो स्वतःपुरता. फाटकातून त्याला सगळं दिसत होतं. पुजाऱ्याने नाव विचारलं असावं, नंदिनीने सांगितलं. नक्षत्र विचारलं, तेही तिला पाठ होतं. गुरुदत्तला नसतं सांगता आलं. मग घंटा वाजली आणि पुजाऱ्याच्या तोंडून 'प्रभा' हे नाव स्पष्ट ऐकू आलं. तनया डोळे घट्ट मिटून उभी होती.

नंदिनी बाहेर आली ती हलकी होऊन. खोबऱ्याचा तुकडा तिने त्याच्या हातावर ठेवला. "आता बघ, ऑगस्टपर्यंत काही होत नाही त्यांना." त्याने मूठ मिटली. तो तुकडा त्याने खाल्ला नाही, टाकलाही नाही, जॅकेटच्या खिशात ठेवला. शरमेने त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. नंदिनी म्हणाली, ऊन लागलंय तुला.

शनिवारी दुपारी म्युनिकला उतरले. आता घरी गेल्यावर नंदिनी फोन चालू करणार. गायधनी भावंडांच्या ग्रुपवर ती नव्हती, पण कुणाचा तरी सांत्वनाचा निरोप येणारच. तेव्हा सामानाच्या पट्ट्यापाशी, ट्रॉलीला धरून, त्याने सांगितलं.

"नंदिनी, काकू गेली."

"कधी?"

"आत्ता कळलं. फोन चालू केला आणि..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. केलं असतं तरी ते खोटंच होतं. विमानतळावरून येणारी एस-बान लोकल थेट त्यांच्या गावी येते. पाऊण डबा सुट्टीवरून परतलेल्या लोकांचा, उन्हाने भाजलेल्या चेहऱ्यांचा. नंदिनी खिडकीकडे तोंड करून रडत होती आणि तनया तिचा हात धरून. घरी आल्यावर नंदिनीने आधी सगळ्यांना अंघोळ करायला लावली. देव्हाऱ्यावर कापड टाकलं. दहा दिवसांचं सुतक.

खरं वाईट पुढेच झालं. गुरुदत्तला वाटलं होतं, रडेल, मग हळूहळू सावरेल, आणि सावरली की एखाद्या दिवशी सांगू. पण नंदिनीने दोष शोधायला सुरुवात केली, आणि शोधला तो स्वतःत.

"परवा मी नारळ दिला आणि काल त्या गेल्या," रविवारी चहा गाळताना ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलं. मी म्हटलं पण मनातून, देवाला, की ऑगस्टपर्यंत ठेव. कुणाच्या आयुष्याला अशी मुदत घालतात का? आपल्या सोयीने?"

"असं नसतं ग काही."

"तुला काय माहीत? तू तर आत पण नाही आलास." मग म्हणाली, "बरं, एक झालं, देवळात आदल्या दिवशी गेलो. सुतकात गेलो असतो तर मला झोप नसती आली."

गुरुदत्तच्या हातात चहाचा कप होता तो त्याने खाली ठेवला. आपल्या पापाची भरपाई ही बाई करते आहे हे समोर दिसत होतं, तीन शब्दांचं काम होतं, आणि तो उठून तनयाची शाळेची बॅग तपासायला गेला. हवालदार.

त्याच दुपारी नंदिनीने मुंबईचं तिकीट काढलं. शुक्रवारी निघायचं, शनिवारी नाशिक. "दहाव्याला पोचते. तुझी रजा संपली, तनयाची शाळा, मी एकटी जाऊन येते. निदान दहाव्याला तरी घरचं कुणीतरी हवं." गुरुदत्तने मान हलवली. दहावा, तेरावा ही मोजदाद त्याने कधी केलीच नव्हती, ते खातं नंदिनीचं. ब्रेकच्या सॉफ्टवेअरमधली मिलिसेकंदाची चूक पकडणाऱ्या या माणसाच्या लक्षात एवढं आलं नाही, की माणूस गेल्याचा दिवस लपवला तरी दहावा दिवस लपत नाही.

सोमवारी संध्याकाळी तिने कपिलला फोन केला. गुरुदत्त नुकताच कामावरून येऊन बूट काढत होता. स्पीकर चालू होता.

"कपिलभावजी, मी शनिवारी रात्री पोचते. सोमवारी दहाव्याला मी आहे."

"वहिनी, दहावा गुरुवारी आहे. रामकुंडावर. तेराव्याला तुम्ही असाल, रविवारी."

"गुरुवारी?"

"हो. गुरुवारी सकाळी. आमची सुलेखा व्हिडिओ लावेल, दादाला सांगा."

गुरुदत्त दाराशी ओणवा होता. तिथून त्याला नंदिनीचा डावा हात दिसत होता. अंगठा बोटांच्या पेरांवर एकेक करून सरकत होता. गुरुवारपासून मागे. एका पेरावर येऊन तो थांबला आणि तिथेच राहिला.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "गुरुवारी दहावा आहे. सकाळी सातला आपल्याकडे."

"हं," तो म्हणाला.

त्यानंतर तीन दिवस नंदिनी त्याविषयी एका शब्दाने काही बोलली नाही. भांडी घासली, ऑनलाइन मीटिंगा केल्या, तनयाचा अभ्यास घेतला. नारळाचा विषय मात्र तिने पुन्हा काढला नाही. तिला कळलंय हे गुरुदत्तला त्यावरून समजलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, तिने मीठ मागितलं तरी त्याला दचकायला व्हायचं. मंगळवारी तो गार्चिंगला एका बैठकीला गेला आणि परतताना गाडी चालवत सगळं वाक्य घोकत आला. दार उघडलं, ती समोर होती, आणि तो म्हणाला, "दूध आणायचं होतं का?" बुधवारी तेही जमलं नाही.

मनाशी त्याने एक ठरवलं होतं. गुरुवारी पिंड ठेवतील. कावळा शिवला नाही, असं झालं की लोक गेलेल्या माणसाला शब्द देतात, तुझं अमुक राहिलंय ते आम्ही करू, काळजी करू नको. काकूचा जीव कशात अडकणार? दत्तात. कपिल म्हणेल, दादा, तू बोल. मग बोलावंच लागेल. पंचेचाळीस वर्षांचा, दोन पदव्या घेतलेला माणूस, त्याने आपलं तोंड उघडायची जबाबदारी नाशिकच्या एका कावळ्यावर टाकली होती.

गुरुवारी सातला तिघं दिवाणखान्यात बसली. तनया शाळेची बॅग पायाशी घेऊन. कपिलची बायको सुलेखा हिने फोन धरला होता, चित्र हलत होतं. मुंडण केलेला कपिल, घाट, माणसांचे पाय. काठावर पिंड ठेवले, बाजूला काकूच्या आवडीची बटाटेवड्यांची ताटली. सगळे मागे सरकले.

आणि लगेच, म्हणजे लोक मागे सरकतात न सरकतात तोच, एक कावळा उतरला, पिंडाला चोच लावली, वड्याचा तुकडा उचलला आणि गेला.

"सुटली," पलीकडे कुणी म्हातारी म्हणाली. "काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही हो मनात. भाग्याची." कपिलने कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले. सुलेखाने फोन बंद केला.

गुरुदत्त काळ्या पडद्याकडे बघत राहिला. काकूने त्याच्यासाठी काही अडवून धरलं नव्हतं. आयुष्यभर धरलं नव्हतं, आता कशाला धरेल. तो रडू लागला, बेटावरच्या त्या मंगळवारपासून पहिल्यांदा.

नंदिनीने त्याला रडू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "काकूंचं काही राहिलं नव्हतं. तुझं राहिलंय ना?"

"तुला माहीत आहे."

"सोमवारपासून. मी थांबले होते. मला वाटलं, सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल."

मग त्याने सांगितलं. खिंड, गाडीमागचा फोन, ऑफिस. नळीखाली डोकं धरलं ते का. देवळात आला नाही ते का. पोस्टकार्ड टाकलंच नाही, सॅकमध्येच आहे, हेही. जॅकेटच्या खिशातून त्याने तो वाळलेला खोबऱ्याचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. काहीच वगळलं नाही. नंदिनी ऐकत होती. देवळाचं सांगून झालं तेव्हा ती म्हणाली, "तू मला आत जाऊ दिलंस. आणि मग दोन दिवस मला म्हणू दिलंस, की माझ्यामुळे झालं."

"हो."

"त्या मंगळवारी सांगितलं असतंस तर मी रडले असते, एवढंच. आज मी रामकुंडावर असते."

चूक झाली असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि तो शब्द फार लहान वाटून मिटलं.

तनया अजून तिथेच बसली होती. दोघं तिला विसरलीच होती. ती उठली, कोपऱ्यात अजून न रिकामी झालेली गुरुदत्तची सॅक होती तिच्याकडे गेली, वरचा कप्पा उघडला. कार्ड तिथेच होतं. एका बाजूला खोरं आणि ढग, दुसऱ्या बाजूला तिची मोठमोठी अक्षरं, एकेक काना रेघेखाली घसरलेला. ती ते घेऊन बापासमोर येऊन उभी राहिली. या मुलीला मराठी सगळं कळायचं, पण चार वर्षांची झाल्यापासून तिने बापाला उत्तर दिलं ते जर्मनमध्येच. तो रागावला तरी, लाडात आला तरी.

"बाबा," ती मराठीत म्हणाली, "मी लिहीत होते तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी विचारलं, शेवटी काय लिहायचं."

"हो, तनू."

तिने कार्डाकडे पाहिलं. शेवटची ओळ वाचली, ओठ हलवत, सावकाश. मग ते कार्ड तिने त्याला दिलं नाही. ते आईच्या भरून ठेवलेल्या बॅगेत, नाशिकला न्यायच्या साडीच्या घडीत नीट सरकवलं, शाळेची बॅग पाठीला लावली आणि बापाने रोजच्यासारखा पुढे केलेला खाऊचा डबा न घेता जिना उतरून गेली.